तुमचा पगार कुठे लिहिलाय?

पटवेकर काका गेले मार्चच्या एकोणीस तारखेला,
म्हणजे अगदी नको त्या दिवशी.
वैकुंठात उभी असताना मनात आलं, माझ्या फायली?
लाज वाटली. पण फायली होत्याच,
त्यांच्या कपाटात, किल्ली सुनेकडे.

शनिपाराजवळ आठ बाय नऊचं दुकान माझं,
रबरी शिक्के, पाट्या, लग्नसराईत थोडी कार्डं.
अर्ध्या पेठांतल्या सीएंचे शिक्के मीच पाडले.
उलटी अक्षरं वाचायची डोळ्यांना सवय,
पण ताळेबंद सुलटा धरूनही कळत नाही.
काका म्हणायचे, इथे सही कर. मी करायची.
बावीस वर्षं.

भाऊ म्हणाला, स्वस्तातला बघ.
शेजारचे चष्मेवाले म्हणाले, ओळखीतला बघ,
ओळखीतला म्हणजे त्यांचा साडू.

साडू गुळवणी, टिळक रोड, तिसरा मजला.
लिफ्टमध्ये लिहिलेलं 'फक्त चौघे', आत आम्ही सहा.
वह्या न उघडताच म्हणाले,
"बोला ताई, किती दाखवायचं?"
लक्ष्मी रोडवर साड्या दाखवतात तसं.
तेवढ्यात चहा घेऊन आला तो पोरगा मला ओळखीचा निघाला.
दिवाळीत दुकानात आला होता,
'मिळाले' असा शिक्का हवा, तारीख मागच्या जुलैची.
मशीन बंद आहे म्हटलं होतं मी.
मशीन चालू होतं. त्यालाही ऐकू येत होतं.
आम्ही दोघांनी चहाकडे बघितलं.

मग बाणेर. काचेचं ऑफिस,
पडद्यावर माझा धंदा: एक निळी रेघ, एक लाल.
खाबियांची मुलगी गोड बोलली, खरंच गोड,
"मॅम, बिलाचा फोटो टाकायचा, बाकी आपोआप."
महिना चार हजार.
शिक्क्यामागे मला सुटतात चाळीस,
म्हणजे शंभर शिक्के त्या निळ्या रेघेसाठी.
हा हिशेब मात्र मी स्वतः केला,
विद्यापीठ चौकात बस पाऊण तास अडकली तेव्हा.

तस्नीम रंगवालाचं नाव कुणीच सुचवलं नव्हतं.
बोहरी आळीत सुतळी घ्यायला गेले, जिन्यावर पाटी दिसली.
पाटी माझ्याच हातची, 'ला'चा काना जरा वाकडा,
सात वर्षं तिने तशीच ठेवलेली.
खाली दोरखंड, ताडपत्री. वर कागदांनाही काथ्याचा वास.

तिने वही घेतली आणि वाचायला लागली.
चहावर साय धरली तरी वाचतच होती.
"हे लाइट बिल घरचं ना?"
हो.
"मग हे इथे नाही चालायचं."
काका चालवायचे, म्हटलं मी, जरा तोऱ्यात.
"काकांनी चालवलं. नोटीस तुमच्या नावावर येईल."
राग आला. वही ओढून घ्यावीशी वाटली.
तिने पान उलटलं.

"पोऱ्याचा पगार आहे. मांजराचं दूध आहे,
तेही दुकान खर्चात, कमाल आहे.
तुमचा पगार कुठे लिहिलाय?"
माझा कसला पगार, दुकान माझंच की.
"करातून तो वजा होत नाही, माहितीय मला.
तरी वेगळ्या वहीत लिहा दर महिन्याला.
नाहीतर दुकान तुम्हाला पोसतंय
की तुम्ही दुकानाला, कळणार कसं?"

खाली कुणीतरी दोर मापत होतं, वार वार मोजत.

फी सांगितली ती काकांच्या दुप्पट.
मी घासाघीस केली, केलीच.
पाचशे उतरली, म्हणाली, पाटी तेवढी नीट करून द्या.

रात्री शटर अर्धं ओढून नवी वही काढली.
नाव लिहिलं. रकाना बराच वेळ कोरा.
मग एक आकडा टाकला, खोडला,
पोऱ्याच्या पगाराकडे एकदा बघितलं,
आणि त्याच्यापेक्षा दोनशे जास्त लिहिले.